नातीनं पुरं नाव घेतलं

या लिखाणात मी कोणाचंच नाव घालणार नाही. माझंही नाही. लाजेखातर नव्हे, लाज मला पूर्वीही बेताचीच होती, आता वयानं तीही गेली. पण आपल्याकडे नाव सांगितलं की ऐकणाऱ्याचं पुढचं ऐकणं संपतं. अचलपूरच्या एसटीत शेजारी बसलेली बाई पहिले गाव विचारते, मग म्हणते, "कोनाच्या घरच्या तुमी?" आडनाव सांगितलं की एकतर ती सरकून जागा करते, नाहीतर पिशवी उचलून मांडीवर घेते. मी माझं आडनाव इथं लिहिलं तर तुम्हीही मनातल्या मनात पिशवी हलवाल. म्हणून ते राहू द्या. एवढं सांगते की आम्ही कुणबी, वलगावच्या पुढच्या एका गावातलं पाटलाचं घर, आणि आता बरीच वर्षं अमरावतीत राहतो.

ज्या नावानं मी गावात मिरवले तेही माझं नव्हतंच. लग्नात सासऱ्यानं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहिलं आणि मला वाचायला लावलं. माहेरचं नाव चार अक्षरी होतं, हे दोन अक्षरी. आवाज द्यायला सोपं म्हणून. त्या काळी मी बावळट इतकी, की मला वाटलं बक्षीसच मिळालं. आठ दिवस नवऱ्याच्या वह्यांच्या मागच्या पानावर ते नाव गिरवत बसायची.

पुढे बायकांना जागा राखीव झाल्या आणि आमच्या गावचं सरपंचपद बाईकडे आलं. सासऱ्यानं जेवता जेवता सांगितलं, "तुले उभं राहाचं आहे." मी पोळी वाढत होते, मला वाटलं सणावाराला कुठं उभं राहायचं असेल. गावातल्या भिंतींवर गेरूनं लिहिलं गेलं: पाटलांच्या सुनेला विजयी करा. खाली बारीक अक्षरात ते दोन अक्षरी नाव, तेही एका भिंतीवर पावसाच्या पन्हाळाखाली आलं आणि धुऊन गेलं. सासरे ओसरीवर बसून एकेकाला बोलवायचे. "पाटलाची सून आहे, समजलं ना?" समोरचा म्हणायचा, "समजलं ना, पाटील." झाला प्रचार.

आणि ती येडी, म्हणजे तेव्हाची मी, आरशासमोर भाषण पाठ करायची. हातपंप, बायकांसाठी आडोसा, शाळेला पत्रे. पदर डोक्यावरून किती मागे घेतला तर शिकलेली दिसते आणि किती मागे घेतला तर उनाड दिसते, याचा मी फार अभ्यास केला होता. मारुतीच्या पारासमोर ते भाषण केलं एकदाचं. माणसं ऐकत होती ती माझ्याकडे बघून नाही, मागं खुर्चीवर बसलेल्या सासऱ्याकडे बघून. त्यांनी मान हलवली की टाळ्या. मला टाळ्याच ऐकू आल्या, मान दिसली नाही.

निवडून आले. गुलाल उधळला, हार आले. पहिला हार सासऱ्याच्या गळ्यात, दुसरा नवऱ्याच्या. मी कुठं होते? चुलीपुढं. मिरवणुकीतल्या लोकांसाठी भजी तळत होते. माझ्याच मिरवणुकीची भजी. धुरातून डीजेसारखा कर्णा ऐकू येत होता आणि ती बाई खुशीत कांदा चिरत होती, की बघा, लोकांनी आपल्याला निवडलं. त्यानंतर वर्षभरानं माहेरची एक मैत्रीण चांदूर बाजारला बाजारात भेटली. म्हणाली, "तुमच्या गावात कोनी पाटलाची सून सरपंच झाली म्हनते, कशी आहे व ती?" मी म्हटलं, "भजी चांगली करते."

हे एवढं लांबण लावायचं कारण माझी नात.

नात माझ्या मुलाची मुलगी. शिकून फिजिओथेरपिस्ट झाली. मला तो शब्द म्हणता येत नाही असं मी सगळ्यांना सांगते; येतो, पण "गुडघ्याची डॉक्टर" म्हटलं की तिला राग येतो आणि मला तिचा राग आवडतो. वॉर्डात तिनं दवाखाना टाकला. आमच्या भागातल्या बायका भुईवर बसून बसून, ओझी वाहून वाहून गुडघे गमावून बसलेल्या. अर्ध्या वॉर्डाचे गुडघे तिच्या हाताखालून गेले असतील. पैसे नसले तर पुढच्या महिन्याला. तेवढ्यावर थांबली नाही. दवाखान्यासमोर नाली तुंबली तर महानगरपालिकेत जाऊन बसली, त्या साहेबाच्या टेबलासमोर, नाली उपसेपर्यंत. नळाला पाणी आणण्यासाठी बायका घेऊन गेली. बायका तिला ताई म्हणायच्या. पाटीवर तिचं नाव आणि आमच्या घराचं आडनाव, कारण पदवी त्याच नावावर, दवाखाना लग्नाच्या आधीचा.

लग्न तिनं तिच्या मनानं केलं. मुलगा अकोल्याचा, वीज खात्यात इंजिनियर, नोकरी इथंच अमरावतीत, घर बौद्ध. माझ्या मुलानं दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. मग त्याच्या रक्तदाबानं की बायकोच्या रडण्यानं, काय माहीत, तो वळला आणि आम्ही सगळे अकोल्याला व्याह्यांकडे जेवायला गेलो. व्याहीणबाईंनी सकाळपासून राबून पाटवडीचा रस्सा केला होता. पान वाढलं आणि माझा मुलगा म्हणाला, "माझा आज उपास आहे." पाणी घेतलं फक्त. त्या माउलीनं लगेच साबुदाणा भिजवते म्हटलं, तर म्हणे निर्जळी आहे. हातात पाण्याचा पेला धरून निर्जळी. मी दोन वेळा रस्सा मागून घेतला. मला काही फार मोठं मन होतं असं नाही. मला भूक लागली होती आणि मुलाची जिरवायची होती. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर यायच्या आत तो वडा-पाव खात होता.

नातजावई हे सगळं बघून होता. हसून म्हणाला, "आजी, रस्सा तुमाले झोंबला नाही ना?" तेव्हापासून तो मला मुलापेक्षा बरा वाटतो.

तर मग निवडणूक लागली. पक्षाचा एक माणूस घरी आला. त्याला सगळे भाऊ म्हणत, वयानं माझ्या मुलाएवढा. कपाळाला टिळा, हातात दोन मोबाईल. प्रभागात चार जागा, एक बाईची. पॅनेल जुळवून राहिलो म्हणाला. त्याचं जुळवणं म्हणजे भाजीवालीकडे उभं राहून पाव किलो हे, पाव किलो ते, तसं होतं. "एक आमचा तेली समाजाचा झाला, एक मुसलमान घेतला, एक एस.सी. सीट आहेच. बाईच्या जागेले कुनबी पायजे. ताईचं काम आहे, आडनाव आहे. सोनं आहे हे आडनाव, पाटलीनबाई. तुमाले सांगाची गरज नाही."

मला खरंच गरज नव्हती. त्याच आडनावानं माझी भजी तळून झाली होती.

नातीनं विचारलं, "भाऊ, काम पहिले की आडनाव पहिले?"

"ताई, काम तर आहेच," भाऊ म्हणाला. "पन कामाले कोनी मत देत नाही. कामाले लोकं थँक्यू देतात."

मग तो खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाला, "फक्त एक. जावईसाहेबाचं नाव बॅनरवर नको. ते तसे चांगले आहेत. मी सोता मानत नाही काही. पन मतदान होईपर्यंत ते जरा अकोल्याले राहतीन तं बरं होईन."

नात उठलीच. म्हणाली, तिकीट नको. आत निघून गेली. तिला उभं राहायचं होतं, हे मला ठाऊक होतं. महानगरपालिकेतला तो साहेब तिला दर वेळी म्हणायचा, "मॅडम, तुमी कोन? नगरसेविका आहात का?" ते तिच्या डोक्यात बसलं होतं. तिला त्या टेबलाच्या पलीकडे जायचं होतं, आणि तेही आपल्या कामाच्या जोरावर. माझ्यासारखं कोणाच्या तरी मानेच्या हलण्यावर नाही.

रात्री नातजावयानं बॅग भरली. म्हणाला, "माझ्या आईचे बी गुडघे दुखून राह्यले. जाऊन येतो आठ-दहा दिवस." नात त्याच्याशी भांडली. तो म्हणाला, "तू निवडून ये, मंग मी हत्तीवर बसून येतो." सुट्टी टाकून तो सकाळच्या गाडीनं गेला. मीही जा म्हटलं, आणि दुपारी नातीनं भाऊला तिकिटाचं हो कळवलं. त्याच्या जाण्यानं माझ्या मुलाला हायसं वाटलं, हे त्याच्या चहा पिण्यावरून कळत होतं.

खरं सांगायचं तर अर्ध्या वॉर्डाला जावयाचं ठाऊक होतं. एवढ्याशा भागात काय लपतं? पण ठाऊक असणं वेगळं आणि उघड होणं वेगळं. ठाऊक असलं तरी ठाऊक नसल्यासारखं वागता येतं. पाटीवर आमचं आडनाव, बॅनरवर आमचं आडनाव. लोकांना तेवढं पुरत होतं. आमच्या गावाकडून अमरावतीत आलेली बरीच घरं त्या भागात होती. बॅनर लागल्या दिवशी त्यातले दोन म्हातारे काठ्या टेकत माझ्याकडे आले, "पाटलाच्या नातीलेच देतो." मी म्हटलं, तिनं नाली काढली, पाणी आणलं. ते म्हणाले, "ते असन. पन पाटलाची नात आहे ना."

हळदीकुंकवाचे दिवस आणि प्रचाराचे दिवस एकत्र आले होते. घरचं हळदीकुंकू ठेवू, ही कल्पना माझी. भाऊ म्हणाला, वाण दिलं की आचारसंहिता आडवी येते. मी म्हटलं, "उमेदवार कुठं देऊन राहिली? माझी सून देते, दर साली देते." वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या, स्टीलच्या. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं. बायकांच्या मनातलं मला कळतं, हा माझा जुना गर्व. आरशासमोरच्या त्या येडीचाच तो, केस पांढरे झाले तरी गेला नाही.

हळदीकुंकू म्हटलं की नाव घ्यायला लावणार, हे पक्कं. म्हणून नातीसाठी मी उखाणा रचला. तो असा:

तव्यावरची भाकर फुगली टम्म,
अमुकराव आहेत घरात, म्हणून जिवाला दम.

अमुकच्या जागी जावयाचं नाव घालायचं. नाव असं आहे की कोणत्याही घरात शोभावं. मी तिला बजावलं, "नुसतं नाव घ्यायचं. उखाण्यात आडनाव कोणी मागत नाही."

"आजी, तो घरात कुठं आहे?" ती म्हणाली. "तुम्ही तर त्याले अकोल्याले धाडलं."

"उखाण्यात घरातच असतो," मी म्हटलं.

बायका आल्या. हॉल भरला, जिन्यातही बसल्या. मी विधवा, मला त्या कार्यक्रमात जागा नाही; म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले, म्हणजे आतलंही दिसतं आणि बाहेरचंही. सुनेनं दोन दिवस खपून चिवडा केला होता, तिळाचे लाडू वळले होते. वाण वाटून झालं. गाळण्या पदराखाली गेल्या. नातीनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, भाषण केलं नाही. फक्त विचारलं, "काकू, गुडघा कसा आहे आता?" एकीनं उठून बसून दाखवलं, सगळ्या हसल्या. मला वाटलं, झालं. ही जागा आली.

तेवढ्यात आमच्या गावची शेजारीण बोलली. ती आमच्या गावातून इथं आलेली, माझ्या सरपंचकीला मत दिलेली, साठीची बाई. दोन्ही गुडघे नातीनं चालते केलेले. पूर्वी ती भिंतीला धरून संडासला जायची. आता राजकमल चौकापर्यंत पायी जाऊन येते आणि ते सगळ्यांना सांगते. ती म्हणाली, "ताई, नाव नाही घेतलं तुमी."

"घे ना व, घे," दोघीतिघी म्हणाल्या.

नातीनं माझा उखाणा घेतला. भाकर फुगली, बायका हसल्या, टाळ्या झाल्या. मी दारातून पाहत होते. शेजारीणही हसली. हसून झाल्यावर गोड आवाजात म्हणाली, "आन् पुढं? पुरं नाव घ्या ना ताई. आमी काय परके आहो?"

बाहेर कोणाची तरी रिक्षा भोंगा लावून प्रचार करत गेली, तेवढाच आवाज. नातीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या सासऱ्यासारखी माझी मान चालावी.

नाही चालली. नात म्हणाली, "पुन्हा घेते." आणि तोच उखाणा परत घेतला. भाकर, टम्म, मग जावयाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि आडनाव. पुरं. हळू नाही आणि ठासूनही नाही, दवाखान्यात पेशंटला व्यायाम समजावते त्या आवाजात. शेवटी म्हणाली, "ते अकोल्याचे. घरात नाहीत सध्या, पण येणार आहेत."

कोणी काही वाईट बोललं नाही. हे मुद्दाम सांगते. एक शब्द नाही. शेजारीण म्हणाली, "छान हो. छान नाव आहे." बायका परत बोलायला लागल्या, पाण्याबद्दल, थंडीबद्दल.

मग सुनेनं चिवड्याच्या बशा फिरवल्या.

पहिली म्हणाली, "मले नको व, माझा उपास आहे." दुसरीचाही उपास. तिसरीला गुरुवार होता. त्या दिवशी मंगळवार होता. चौथीनं बशी हातात घेतली, इकडंतिकडं पाहिलं आणि खाली ठेवली. तोंड आलं आहे म्हणाली. एकीनं लाडू घेतला तो रुमालात बांधला, नातवासाठी. त्याच कढईतला चिवडा, त्याच सुनेच्या हातचा. मागच्या वर्षी याच बायकांनी तो दोनदा मागून घेतला होता. मध्ये फक्त एक आडनाव तोंडातून बाहेर पडलं होतं.

सगळ्या बशा स्वयंपाकघरात परत आल्या. सून ओट्यावर ठेवत गेली, जागा संपली तर खाली जमिनीवर. माझा मुलगा आतल्या खोलीतून आला होता, कारण बायका गेल्यावर त्याला चिवडा पाहिजे असतो. तो दाराशी उभा राहिला. त्यानं बशांकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

"सगळ्यायचा उपास आहे," मी म्हटलं. "निर्जळी."

तो आत गेला. त्या रात्री त्यानं जेवण घेतलं नाही आणि कोणी आग्रहही केला नाही.

गाळणी मात्र एकीनंही परत केली नाही. स्टीलला काही होत नसावं.

भाऊ दुसऱ्या दिवशी आला, बसला नाही. "पाटलीनबाई, काय करून ठेवलं हे? इतकं चांगलं आडनाव होतं." जणू नातीनं दुधाचं पातेलं सांडलं होतं. समोरच्या पॅनेलनं बॅनर काढला नाही, पत्रक काढलं नाही. त्यांना काही करावंच लागलं नाही. त्यांची बाई घरोघरी हात जोडत गेली आणि फक्त आपलं पूर्ण नाव सांगत गेली, सासरचं आणि माहेरचं, दोन्ही. तिला मी एकदा आमच्या फाटकाशी भेटले. बिचारी हात जोडून उभी. मी विचारलं, "वॉर्डात कुठं कुठं नळ नाही सांग बरं?" तिनं मागं वळून नवऱ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यापुढं चूल आली, कढई आली. मी तिला आत बोलावून चहा दिला. तिच्यावर राग तरी काय करायचा? तिच्या जागी मीच होते, फक्त तिची साडी चांगली होती.

नातजावई मतदानाच्या आदल्या दिवशी परत आला. नातीनंच बोलावलं. दोघं मिळून शेवटची फेरी मारली, दारोदार. दारं उघडत होती, माणसं हसत होती, "हो ताई, तुमालेच" म्हणत होती. नात परत येऊन म्हणाली, "आजी, सगळे हो म्हणतात." मला त्या पारासमोरच्या टाळ्या आठवत होत्या.

दुसरीही एक गोष्ट होती, ती नंतर कळली. जावयाच्या समाजाची घरं त्या भागात थोडी, पण होती. तिथले एक रिटायर्ड मास्तर मला म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीनं आमच्या पोराले लपवून अकोल्याले धाडलं. बॅनरवर तुमचं आडनाव, आमचं नाही. मंग आमी कोनाले मत द्याचं?" धाडायला होकार देणाऱ्यांत मी होते. अर्धं नाव घेतलं तेव्हा त्यांचे गेले, पुरं घेतलं तेव्हा आमचे गेले.

नात पडली. मोजणीला ती शेवटपर्यंत बसली, माझा मुलगा तिच्याबरोबर बसला. घरी येऊन तो मला म्हणाला, "आई, आपल्या गावच्या लोकाईच्या बूथवर पोरगी सगळ्यात मागं होती." त्याला फार धक्का बसला होता. मला नाही. पण ऐकल्यावर मी देवघरातल्या सासऱ्याच्या फोटोकडे बघितलं आणि, सांगायला हरकत नाही, एक शिवी दिली. त्यांच्या नावानं मी आले होते, त्यांच्याच नावानं ती गेली. ते तेवढेच गंभीर चेहरा करून बसलेले.

मला वाटलं नात आठ दिवस अंथरुणात पडून राहील. तिनं तिसऱ्या दिवशी पेंटरला बोलावलं. दवाखान्याच्या पाटीवर आमच्या आडनावापुढं जावयाचं आडनाव लिहून घेतलं, त्याच मापात, त्याच रंगात. माझा मुलगा खाली उभा राहून पेंटरला सांगत होता, "अक्षर जरा डाव्या बाजूले घे, वाकडं दिसून राह्यलं." मी त्याला बरं म्हटलं नाही. तेवढ्यानं काही अकोल्याचा तो पेला भरून निघत नाही. पण अक्षर सरळ आलं.

मग गुडघे यायची वाट. चार दिवस दवाखाना रिकामा. नात पुस्तक वाचत बसायची आणि मी तिथंच बाकावर, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणीतरी बसलेलं दिसावं. मला वाटत होतं, जागा गेली ती गेली, आता हे पण जातं की काय. पण थंडी पडली. थंडीत गुडघ्याला जात आठवत नाही. पाचव्या दिवशी एक आली, मग दोघी. दोन-चार घरं कायमची तुटली, ती अजून आली नाहीत.

शेजारीण आली ती दुपारी, कोणी नसताना. दारात थांबून तिनं पाटी वाचली. तिला वाचता येतं, हळूहळू. वाचून आत आली. पदर सावरत माझ्याशेजारी बसली.

"पाटलीनबाई, पोरगी पडली, मले लय वाईट वाटलं हो."

"मत कोणाले दिलं होतं?"

"ते काय इचारता? ते सांगाचं असते का?" ती दुसरीकडे बघत म्हणाली. मग गुडघ्यावर हात फिरवत, "थंडीत पुन्हा जिना चढतच नाही पाय."

मी पिशवीतून डबा काढला. हळदीकुंकवाचे उरलेले तिळाचे लाडू, ते मी अजून संपवत होते. एक तिच्या पुढं धरला. "घे. आज उपास आहे का?"

तिनं दाराकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. लाडू घेतला, मोडून तोंडात टाकला. मग दुसरा. "सुनेच्या हातले आहेत ना? चांगले झाले," म्हणाली. "आता नाही उपास. तो तवाचा होता. बायकाईत बसल्यावर ठेवा लागते."

नातीनं आतून हाक मारली. शेजारीण टेबलावर जाऊन आडवी झाली. मी बाकावरून बघत होते. पडल्या पडल्याच ती छताकडे बघून म्हणाली, "ताई, राग नोका धरू. मी तुमच्या भल्याचंच सांगतो. पुढच्या टायमाले नाव अर्धंच घ्या. तुमाले कोनी पाडत नाही."

नातीनं तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. पोटरी हातात धरली आणि पाय हळूहळू वाकवायला घेतला.

"दुखलं की सांगा, काकू."

"दुखून राह्यलं व माय."

नातीनं हात सैल केला. मी असते तर केला नसता.